संताच्या नावाचं वर्ष पाळताना या चुका टाळा

पोपमहोदयांनी एखाद्या संताच्या नावाने वर्ष जाहीर केलं, किंवा आपल्या चर्चच्या आश्रयदात्या संताचं शताब्दी वर्ष आलं, की पुण्यातल्या पॅरिशांमध्ये (एकेका चर्चच्या स्थानिक धर्मग्रामांमध्ये) तयारीला जोर चढतो. बॅनर लागतो, मूर्ती घरोघरी फिरते, नोव्हेनाची, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, पुस्तिका छापून येते. उत्साह मनापासूनचा असतो. तरीही वर्ष संपल्यावर पुष्कळ घरांत त्या संताची ओळख होती तेवढीच राहते, याचं मला वाईट वाटतं. संताचं आयुष्य नीट वाचून ते आपल्या आयुष्याशी ताडून पाहायचं राहून जातं आणि बाकीच्या चुका तिथूनच सुरू होतात.

उदाहरण येशूचे पालक पिता संत योसेफ यांचं घेते, कारण त्यांचं वर्ष अजून सगळ्यांच्या आठवणीत आहे. पोप नववे पायस यांनी 8 डिसेंबर 1870 रोजी त्यांना अखिल ख्रिस्तसभेचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलं. त्याला दीडशे वर्षं झाली म्हणून पोप फ्रान्सिस यांनी 8 डिसेंबर 2020 ते 8 डिसेंबर 2021 हे वर्ष त्यांच्या नावाने पाळायला सांगितलं.

तारखा आणि उपवासकाळ

नोव्हेना नऊ दिवसांची आणि ती सणाच्या आदल्या दिवशी संपते. संत योसेफांचा सण 19 मार्चला, म्हणजे सुरुवात 10 मार्चला. पुष्कळ जण 11 तारखेला बसतात आणि नववा दिवस सणावर येऊन पडतो. मधला एखादा दिवस चुकला तर घाबरून पुन्हा पहिल्यापासून धरू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा. आणखी एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. 19 मार्च उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या काळातल्या) रविवारी आला तर सण सोमवारी जातो. 2023 साली तसं झालं होतं, 2028 सालीही होणार आहे. त्या वर्षी नोव्हेनाही एक दिवस पुढे.

सण उपवासकाळात येत असल्यामुळे वेदी सजवणाऱ्या मंडळींचा आणि कॉयरचा (गायकवृंदाचा) नेहमी गोंधळ उडतो. एरवी त्या काळात वेदीवर फुलं नसतात, पण या दिवशी चालतात. मार्केट यार्डातून निशिगंध, शेवंती खुशाल आणा. मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणायचं, आलेलुया हा जयघोष मात्र नाही. फादरांची वस्त्रं पांढरी. सण शुक्रवारी आला, जसा 2027 साली येणार आहे, तर त्या दिवशी मांस वर्ज्य करण्याचा नियम लागू होत नाही.

नवस आणि पत्रकं

संताकडे मागणं गैर नाही. आविलाच्या संत तेरेजा यांनी तर स्वतः लिहून ठेवलंय की संत योसेफांकडे मागितलेलं मिळालं नाही असं त्यांना आठवत नाही. चूक होते ती सौदा सुरू झाल्यावर: मुलाला नोकरी लागली तर नऊ बुधवार मेणबत्ती, नाही लागली तर मूर्ती कपाटाच्या वर. संत आपल्यासाठी देवाकडे रदबदली करतात, देणारा देवच असतो. त्यामुळे मागणं देवाच्या इच्छेवर सोपवून करावं आणि उत्तर वेगळं आलं तरी प्रार्थना थांबवू नये.

सणाच्या सुमारास चर्चच्या बाकावर एक पत्रक हमखास सापडतं, हल्ली ते व्हॉट्सॲपवरही फिरतं. त्यात संत योसेफांची एक जुनी प्रार्थना असते आणि खाली बारीक अक्षरात मजकूर: ही प्रार्थना इ.स. 50 मध्ये सापडली, 1505 साली पोपनी ती लढाईला निघालेल्या सम्राट चार्ल्स यांना पाठवली, जो ती जवळ बाळगेल तो बुडणार नाही, जळणार नाही, त्याला विष बाधणार नाही. आता हे सम्राट म्हणजे पाचवे चार्ल्स, ते जन्मले 1500 साली आणि सम्राट म्हणून निवडले गेले 1519 साली. 1505 साली ते पाच वर्षांचं मूल होते! प्रार्थना चांगली आहे, ती जरूर म्हणा. खालचा मजकूर कापून टाका आणि पुढे पाठवू नका. फ्लॅट विकला जावा म्हणून मूर्ती उलटी पुरण्याचा प्रकारही याच माळेतला. ती निव्वळ अंधश्रद्धा आहे.

पूर्ण दंडमोचन: सगळ्यांत जास्त गैरसमज इथे

पहिला गैरसमज असा की दंडमोचन म्हणजे पापांची क्षमा. तसं नाही. क्षमा पापनिवेदनात, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करण्याच्या संस्कारात, मिळते. क्षमा झालेल्या पापांमुळे भोगायची उरलेली शिक्षा दंडमोचनाने माफ होते. म्हणून पापनिवेदन न करता नुसतं ठरवून दिलेल्या चर्चचं दार ओलांडून आलं तर पूर्ण दंडमोचन पदरात पडत नाही.

अटी नेहमीच्याच आहेत: त्या वर्षासाठी सांगितलेलं कृत्य, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेणं, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना (एक 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' आणि एक 'नमो मारिये' पुरे), आणि लहानातल्या लहान पापाचीही ओढ मनात नसणं. ही शेवटची अट लोक विसरतात, आणि खरी कठीण तीच आहे. पापनिवेदन त्याच दिवशी हवं असं नाही, साधारण 20 दिवस आधी किंवा नंतर केलेलं चालतं आणि एकच पापनिवेदन अनेक दंडमोचनांना पुरतं. ख्रिस्तप्रसाद आणि प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी हवी, शक्यतो त्याच दिवशी. पूर्ण दंडमोचन दिवसातून एकदाच मिळवता येतं. ते स्वतःसाठी किंवा मृतांसाठी अर्पण करता येतं. परदेशातल्या जिवंत मुलासाठी आई ते मिळवू शकत नाही, मुलासाठी ती प्रार्थना करू शकते.

घरात खिळलेल्या आजीआजोबांना 'तुम्हाला येता येत नाही, तुमचं राहिलं' असं कधीही म्हणू नका. संत योसेफ वर्षाच्या हुकूमनाम्यात वृद्ध, आजारी आणि मरणासन्न माणसांचा मुद्दाम उल्लेख होता. पापाचा त्याग करून, जमेल तेव्हा अटी पुऱ्या करण्याच्या इराद्याने घरीच प्रार्थना केली तरी त्यांना तेच दान मिळत होतं. 2021 च्या उन्हाळ्यात, पुण्यात खाटा मिळत नव्हत्या तेव्हा, ही सवलत किती मोलाची होती ते वेगळं सांगायला नको.

त्या वर्षाचं खास दंडमोचन 8 डिसेंबर 2021 ला संपलं. जुने फॉरवर्ड अजून फिरतात, तारीख बघा. आणि पॅरिशने स्वतःपुरतं एखादं वर्ष ठरवलं म्हणून पूर्ण दंडमोचन आपोआप लागू होत नाही. त्यासाठी रोमची परवानगी लागते. बॅनरवर छापण्याआधी फादरांना विचारा.

मराठी मागे पडते

येरवडा, वडगाव शेरी भागात अहिल्यानगरकडून आलेली मराठी कॅथलिक घरं भरपूर आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला ही माणसं गाणी म्हणत जातात, आणि पॅरिशची मोठी नोव्हेना इंग्रजीत असली की मागच्या बाकावर गप्प बसून राहतात. हे मला फार लागतं. नऊपैकी एखादा दिवस मराठीला देऊन भागत नाही. पुस्तिका मराठीतही असावी आणि वाचन-प्रार्थना त्यांच्याकडे सोपवाव्यात. जुनी पुस्तिका पुन्हा छापताना संत योसेफांची लितानी (एकामागून एक विनवण्यांची प्रार्थना) तपासा. 1 मे 2021 रोजी तिच्यात सात नव्या विनवण्या आल्या आहेत, त्यांत निर्वासितांचे आणि गरिबांचे आश्रयदाते अशाही आहेत. जुन्या प्रतींत त्या नसतात.

पुरुषांचं काय? नोव्हेनाला बायका आत आणि बापेमंडळी बाहेर गाड्यांपाशी, हे चित्र निदान योसेफांच्या सणाला तरी नको. शुभवर्तमानात त्यांचा एकही शब्द नोंदलेला नाही. मत्तयने सांगितलं आहे ते एवढंच की ते झोपेतून उठले आणि सांगितलं तसं केलं. घरात बापाने रोजची जपमाळ स्वतः सुरू करावी.

1 मे नुसता सुट्टीत जातो

पोप बारावे पायस यांनी 1955 साली 1 मे हा कामकरी संत योसेफांचा दिवस ठरवला. आपल्याकडे तो महाराष्ट्र दिनात आणि सहलीत विरून जातो. या दिवशी पॅरिशने साधी चौकशी करावी: चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशींना, वॉचमन काकांना, शाळेच्या बसवाल्या दादांना पगार वेळेवर मिळतो का, आठवड्याची सुट्टी मिळते का? झारखंडहून आलेल्या किती तरी कॅथलिक मुली इथे घरकाम करतात. रविवारच्या मिस्साला यायला त्यांना मालकीण सोडते का, आणि ती मालकीण आपल्याच बाकावर तर बसत नाही ना? घरच्या कामवालीला पगारी सुट्टी देऊन त्या दिवशीची भांडी आपण घासावीत. तान्ह्या येशूला घेऊन इजिप्तला पळालेल्या सुताराचा सण आहे हा. मांडव-स्पीकरच्या खर्चातून एखाद्या बेकार तरुणाला हत्यारं घेऊन दिली तर ती भक्तीच आहे.

जुनी मूर्ती

नवी मूर्ती आली की तडा गेलेली जुनी मूर्ती निर्माल्य कलशात किंवा मुठेत जाते. आशीर्वादित मूर्ती, स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे पवित्र कापडी तुकडे), तुटलेली जपमाळ स्वच्छ जमिनीत पुरावी, किंवा जळण्यासारखी असेल तर जाळून राख पुरावी. जागा नसेल तर चर्चमध्ये आणून द्या. वर्षाचा बॅनर आशीर्वादित नसतो, तो भंगारात दिला तरी हरकत नाही.