कीबोर्डचा लेआउट बदलण्याआधीची तयारी: कोल्हापुरातल्या संस्था, प्रेस आणि टायपिंगवाल्यांसाठी

लेआउट बदलणं हे पाच मिनिटांचं काम. सेटिंगमध्ये जायचं, मराठी जोडायचं, संपलं. गोंधळ सुरू होतो दुसऱ्या दिवशी सकाळी. दूध संस्थेचा क्लार्क कुलूप काढतो, कॉम्प्युटर चालू करतो आणि सचिवांना फोन लावतो, ‘आण्णा, पासवर्डच घेईना झालाय.’ मग कुणी म्हणतं कीबोर्ड गेला, कुणी म्हणतं व्हायरस शिरला. दोन्ही नसतं. हे टाळायचं तर बदलण्याआधी अर्धा दिवस तयारीला द्यावा लागतो, आणि ती तयारी काय करायची तेवढंच इथे सांगतो.

आधी वेळ ठरवा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात अहवाल, नोटिसा आणि प्रोसिडिंगचा नुसता मारा असतो. तेव्हा लेआउटला हात लावू नका. मार्च एंडला तर नाहीच नाही. पत्रिका छापणाऱ्यांनी तुळशीच्या लग्नाच्या आधीच हे उरकावं, नंतर मान वर करायला फुरसत मिळत नाही. भाऊसिंगजी रोडला वकिलांची कागदपत्रं टाइप करून देणाऱ्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यावर निवांत आठवडा असा राहिलेलाच नाही. त्यांनी जोडून सुट्ट्या बघून काम काढावं. वेळ कुठलीही असो, शनिवारी संध्याकाळी बदलून सोमवारी सकाळी लोकांच्या माथी मारायचं, असं मात्र करू नका. टाइप करणारा माणूस समोर बसलेला असतानाच बदला.

मग जुन्या फाइली तपासायच्या, आणि इथेच खरा वेळ द्यायचा. लेआउट म्हणजे कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर कॉम्प्युटरला जातं ते. फॉन्ट म्हणजे ते अक्षर पडद्यावर कसं दिसतं ते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. तिथे फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. कुठली फाइल कशातली आहे हे ओळखायला सोपा उपाय आहे. फाइलची एक प्रत उघडा, एक ओळ निवडा, फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिलं तर फाइल युनिकोडमधली. ‘सभासद’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर जुन्या फॉन्टमधली.

ही तपासणी करून फाइलींचे दोन गठ्ठे करा. जुन्या फॉन्टमधल्या फाइली नव्या लेआउटने दुरुस्त करता येत नाहीत, हे आधीच समजून घ्या. मजकुराच्या मधोमध नवीन नाव घालायला गेलात तर अर्धी ओळ जुनी, अर्धी युनिकोड अशी खिचडी होते आणि ती निस्तरण्यापेक्षा सगळं पुन्हा टाइप करणं परवडतं. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, चांगलं काम करतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत ते चुकू शकतात. सभासदांची यादी कन्व्हर्ट केली तर एक-एक नाव डोळ्यांखालून घाला. आडनावात चूक झाली की माणूस कर्जाच्या कागदावर दुसराच होतो. मूळ फाइल कधीही पुसू नका. शिवाय ज्या फाइली फक्त पुन्हा छापायला लागतात त्यांची पीडीएफ आजच करून पेन ड्राइव्हवर ठेवा.

प्रेसवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही. नव्या लेआउटने त्यात टाइप करायला बसलात तर प्रश्नचिन्हांची रांग लागेल. पेजमेकरवरच धंदा चालत असेल तर तो कॉम्प्युटर आहे तसा राहू द्या आणि दुसऱ्यावर सुरुवात करा. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी चालतं, पण परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. हे एकदा करून कोरी फाइल नमुना म्हणून जपून ठेवा.

आता लेआउट कुठला घ्यायचा. याचं उत्तर कॉम्प्युटर पाहून देऊ नका, टाइप करणाऱ्याचे हात पाहून द्या. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाच्या बोटांत रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरचाच लेआउट, मुरलेला असतो. त्याला पन्नाशीत नवीन शिकायला लावण्यात शहाणपण नाही. मात्र रेमिंग्टन विंडोजमध्ये आयता नसतो, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते युनिकोडमध्ये लिहितं ना एवढं पाहून घ्या. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्या मुलांसाठी ‘मराठी फोनेटिक’ आहे. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून तो आतच येतो, त्यामुळे कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून जुनं सॉफ्टवेअर आणून टाकायची गरज उरलेली नाही. आणि रोज पानंच्या पानं टाइप करायची असतील, हात अजून कुठल्याच सवयीचे नसतील, तर माझं मत सरळ आहे: इनस्क्रिप्ट.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेला हा लेआउट बघायला अवघड आणि शिकायला सोपा आहे. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क जिथे, शिफ्ट धरली की ख तिथेच. ग च्या वर घ, त च्या वर थ. मात्रेच्याच कळेवर शिफ्ट धरली की पूर्ण स्वर मिळतो. ज्ञ, त्र, क्ष, श्र वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह आहेत. निपाणी-बेळगावकडचं कन्नड पत्र टाइप करायची वेळ आली तरी क ची कळ तीच राहते, कारण भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच ठेवलेली आहे. सीमाभागातल्या प्रेसला याचा उपयोग मोठा.

रेमिंग्टनवरून इनस्क्रिप्टवर येणाऱ्याला कळांच्या जागांपेक्षा क्रम छळतो. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर. इनस्क्रिप्टमध्ये जसं बोलतो तसं: आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचंही तसंच. ‘कर्ज’ लिहिताना क, र, हलन्त, ज असा क्रम; ज लिहून वर रफार ठेवायचा नाही. हे दोन नियम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरखाली चिकटवा. ज्यांना मुलांना जीसीसी-टीबीसीच्या, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर टायपिंगच्या, मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या परीक्षेला बसवायचं आहे त्यांनी मात्र परीक्षेत कुठला लेआउट मिळणार हे आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये विचारल्याशिवाय घरचा कॉम्प्युटर बदलू नये.

पासवर्डची तयारी छोटी आहे, पण चुकली तर सगळ्यांत जास्त बोलणी हिचीच खावी लागतात. पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसतात, त्यामुळे मराठी चालू आहे की इंग्रजी हे कळत नाही. विंडोजच्या लॉगिन पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली लेआउटची खूण असते. कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाला ती बोटाने दाखवा. मराठीचं सेटिंग वेलकम स्क्रीनवर कॉपी करायचा पर्याय कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. तो वापरू नका, लॉगिनला इंग्रजीच असू द्या. आणि याच बैठकीत इंग्रजी लेआउट कुठला आहे तेही बघून घ्या. कित्येक ऑफिसांत ‘@ दाबलं की अवतरणचिन्ह येतंय’ ही तक्रार वर्षानुवर्षं चालू असते आणि कीबोर्ड मात्र नवा कोरा असतो. तिथे युनायटेड किंगडमचा लेआउट लागलेला असतो. तो काढून इंग्लिश-इंडिया ठेवला की @ जागेवर येतो, शिवाय उजवी ऑल्ट आणि ४ दाबून ₹ चं चिन्हही मिळतं. फक्त पासवर्डमध्ये @ किंवा अवतरणचिन्ह असेल तर लेआउट काढण्यापूर्वी पासवर्ड बदलून घ्या.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी इंटरनेट चालू हवं, कारण मराठीचा पॅक डाउनलोड होतो. यूपीएस चालतोय का बघा. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. श्रीलिपी, आयएसएम किंवा तसलं टायपिंगचं सॉफ्टवेअर मागे चालू असेल तर ते पूर्ण बंद करा. दोघंही एकाच कळेवर हक्क सांगायला लागले की पडद्यावर तिसरंच काहीतरी उमटतं. मग सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथून लँग्वेज, आणि मराठी जोडा. जोडताना विंडोजची दाखवण्याची भाषाही मराठी करायची का असं विचारणारी एक चौकट येते. तिथली खूण काढून टाका. मराठी टाइप करायला मेनू मराठी असावा लागत नाही, आणि उद्या फोनवरून कुणाची मदत घ्यायची झाली तर तो सांगणारा इंग्रजी मेनूच सांगणार. मराठीच्या पर्यायांत जाऊन आपल्याला हवा तो एकच कीबोर्ड ठेवा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही राहिले तर विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलताना माणूस दर वेळी भलत्याच ठिकाणी पोचतो. एकच कॉम्प्युटर दोघं वापरत असतील आणि दोघांचे लेआउट वेगळे असतील तर विंडोजमध्ये दोन वेगळी खाती करा, भांडणं वाचतील.

सरकारी कार्यालयाला मंगल फॉन्टमध्येच मजकूर हवा असेल आणि तुमच्याकडे तो दिसत नसेल, तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पुरवणी फॉन्ट घ्या. नव्या विंडोजमध्ये मराठी दाखवायचं काम निर्मला हा फॉन्ट करतो. विंडोजऐवजी उबुंटू वापरणाऱ्यांना फारसं काही करायचं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्स जोडायचा, सुपर (म्हणजे विंडोजची खूण असलेली कळ) आणि स्पेसने बदलायचा.

बदलून झालं की लगेच कामाचा कागद हातात घेऊ नका. जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांची नावं टाइप करा: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, गडहिंग्लज, आजरा, चंदगड. यात ळ आला, हलन्त आला, अनुस्वार आला, दोन्ही वेलांट्या आल्या. ‘गडहिंग्लज’ एका दमात आलं की हात बसला म्हणायचं. ‘कोल्हापूर’साठी इनस्क्रिप्टवर इंग्रजी कळा लागतात त्या अशा: के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. त्यातली डी म्हणजे हलन्त, ल आणि ह यांना जोडणारी.

त्यानंतर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द. आपल्याकडच्या कुठल्याही नोटिशीत तो दोनदा तरी येतोच. यातला ऱ्य मिळवायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. साधा र घेतलात तर ‘र्य’ होऊन ‘शेतकर्यांना’ असं छापलं जाईल. कन्व्हर्टरमधून आलेल्या फाइलींत हाच ऱ्य दुसऱ्या रीतीनेही बांधलेला सापडतो. दिसायला फरक शून्य, पण शोधायला गेलं की सापडत नाही. यादीत एखाद्याचं नाव असून ‘नाही’ असं दाखवत असेल तर पहिला संशय यावर घ्या.

आकडे शेवटी तपासा. वरच्या ओळीतून आकडे देवनागरी उमटतात की इंग्रजी, हे आधी कोऱ्या पानावर बघा. उजवीकडच्या नंबर पॅडवरून सहसा इंग्रजीच येतात. बेरजा करायच्या एक्सेलच्या रकान्यांत, खाते क्रमांकात, आयएफएससी आणि जीएसटी क्रमांकात देवनागरी आकडे जाऊ देऊ नका. पत्रात आणि पत्रिकेत मात्र तेच शोभतात. नोटिशीतली तारीख कशात लिहायची ते ऑफिसने एकदा ठरवून टाकावं.

जुनं सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट लगेच उडवू नका. त्याचं आपोआप सुरू होणं तेवढं बंद करा, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली) असेल तर नाव लिहून कपाटात ठेवा. एखादी सभा, एखादा अहवाल नव्या लेआउटवर पार पडला, जुनी फाइल कुणी मागितली नाही, की मग काढायचा विचार करा. फॉन्टच्या फाइलींची एक प्रत तेव्हाही पेन ड्राइव्हवर राहू द्या. पाच वर्षांपूर्वीचं प्रोसिडिंग कुठल्या दिवशी लेखापरीक्षक मागतील याचा नेम नसतो.