हेडफोनला अ‍ॅम्प निवडताना या चुका टाळा: नुसते ओहम बघू नका

‘300 ओहम आहे ना, मग दणकट अ‍ॅम्प लागणारच!’ ओहममध्ये मोजतात तो हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा; आणि अ‍ॅम्प म्हणजे हेडफोनला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर. हा सल्ला इतका सर्रास मिळतो की खोक्यावरचा दुसरा आकडा कोणी वाचतच नाही. तो असतो सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो याचा, आणि खरी मेख तिथेच आहे.

सेनहायझर एचडी 600 घ्या: 300 ओहम, 1 मिलिवॅटला 97 डेसिबल. हायफायमॅन एचई-6 मात्र 50 ओहम आणि फक्त 83.5 डेसिबल. ओहमवर गेलात तर दुसरा सोपा वाटेल. आता तबल्याच्या एखाद्या कडक थापेला 110 डेसिबल हवेत असं धरा. एचडी 600 ला साधारण 20 मिलिवॅट पुरतात, म्हणजे अडीच व्होल्टच्या आत काम होतं. एचई-6 ला जवळपास 450 मिलिवॅट आणि पावणेपाच व्होल्ट लागतात, शिवाय करंट अकरा-बारा पट. मोबाइलला हेडफोन जोडायचा छोटा डोंगल इथे हात टेकतो.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा वाचतानाही फसगत होते. काही कंपन्या तो मिलिवॅटला देतात, काही व्होल्टला. 32 ओहमच्या हेडफोनला या दोन्हींत 15 डेसिबलचा फरक पडतो, त्यामुळे एकक न बघता केलेली तुलना फुकट.

अ‍ॅम्पवरचा ‘1 वॅट’ही बहुधा 32 ओहमवरचा असतो. व्होल्टेज तेवढंच राहिलं, तर 300 ओहमवर त्यातले जेमतेम 107 मिलिवॅट उरतात.

आवाज भरपूर आहे, पण बास फुगलेला वाटतो? अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, तपासा. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्याच्या आत असावा. अनेक ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागांच्या) इअरफोनचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीनुसार खूप बदलतो, म्हणून त्यांना एक ओहमच्या आसपास आउटपुट इम्पीडन्सचा अ‍ॅम्प बरा. प्लॅनर (पातळ, सपाट पडद्याने वाजणाऱ्या) हेडफोनला याची फारशी फिकीर नसते.

गाणं थांबल्यावर सूं असा आवाज येत असेल तर गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ती सेटिंग, लो करा. थोड्या विजेवर मोठा वाजणाऱ्या इअरफोनला हाय गेन लावायचं काहीच कारण नाही.

आवाजच कमी येतोय? नवा अ‍ॅम्प मागवण्याआधी फोन किंवा कॉम्प्युटरमधला व्हॉल्यूम पूर्ण आहे का ते बघा. मात्र त्याआधी अ‍ॅम्पचा नॉब शून्यावर आणा आणि हेडफोन कानावरून काढा. तेवढ्यानेच पुष्कळदा काम भागतं.

आणि बॅलन्स्ड (दोन्ही बाजूंच्या तारा पूर्ण वेगळ्या असलेल्या) आउटपुटला अ‍ॅडॉप्टर लावून साध्या पिनचा हेडफोन कधीच जोडू नका. डाव्या-उजव्या बाजूच्या निगेटिव्ह तारा एकमेकींना चिकटतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो.