आफ्रिकेत वाइल्डलाइफ रिसर्चला व्हॉलंटियर म्हणून जायचंय? मग आधी घरी बसून सुरुवात करा

ताडोबा-पेंचच्या चार सफाऱ्या झाल्या, बुद्ध पौर्णिमेला मचाणावर रात्र काढून पाणवठ्यावरचे प्राणी मोजून झाले, की बऱ्याच जणांना पुढचं वेध लागतं ते आफ्रिकेचं, आणि तेही टुरिस्ट म्हणून नाही, काहीतरी काम करायला. मी दक्षिण आफ्रिकेत ह्लुह्लुवे-इम्फोलोझी पार्कला जाऊन आलोय, रानकुत्र्यांच्या मॉनिटरिंगला, त्यामुळे बरेच जण विचारतात कसं जायचं, किती खर्च येतो. खर्चाचं सांगतो पुढे, पण त्याच्या आधी एक काम करा ज्याला एक रुपया लागत नाही.

झूनिव्हर्स नावाची वेबसाइट आहे, तिथे सामान्य लोक घरबसल्या रिसर्चला मदत करतात. तिथे अकाउंट उघडा आणि आफ्रिकेतल्या कॅमेरा ट्रॅपचे (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) जे प्रोजेक्ट चालू असतील त्यातला एक घ्या. हा प्रकार गाजला तो स्नॅपशॉट सेरेंगेटी या प्रोजेक्टपासून. टांझानियातल्या सेरेंगेटी नॅशनल पार्कमध्ये २०१० मध्ये २२५ कॅमेरे लावले, ११२५ चौरस किलोमीटरमध्ये, म्हणजे दर ५ चौरस किलोमीटरला एक. फोटो इतके आले की रिसर्च टीमला बघून संपेनात, म्हणून २०१२ मध्ये ते लोकांसमोर ठेवले आणि २८ हजारांवर लोकांनी ते ओळखून दिले. पहिल्या तीन वर्षांचे १२ लाख फोटोसेट (कॅमेरा एकदा ट्रिगर झाला की निघणारे फोटो म्हणजे एक सेट), आणि त्यात प्राणी किती फोटोसेटमध्ये? साधारण सव्वातीन लाख. बाकी सगळं गवत, वाऱ्याने हललेलं आणि उन्हाने तापलेलं, त्यानेच कॅमेरा ट्रिगर झालेला.

हे मुद्दाम सांगतोय कारण हेच खरं काम आहे. ‘इथे काही नाही’ असं क्लिक करणं हा पण डेटाच आहे. पंधरा दिवस रोज अर्धा तास हे करून बघा, थॉमसन गॅझेल आणि ग्रँट्स गॅझेल यांच्यात गोंधळ होईल (थॉमसनच्या कुशीवर ठळक काळा पट्टा असतो, ग्रँट्सचा मागचा पांढरा भाग शेपटीच्या वरपर्यंत चढलेला असतो), चुकाल, पण घाबरू नका, एकच फोटो अनेक जणांना दाखवतात आणि सगळ्यांची उत्तरं जुळवून ठरवतात, तज्ज्ञांशी ताडून पाहिलं तेव्हा प्राणी ओळखण्यात ९६ टक्क्यांच्या वर बरोबर निघालं होतं. पंधरा दिवसांनी पण मजा येत असेल तर मग पासपोर्ट काढा. कंटाळा आला असेल तर सरळ सफारी करा, त्यात वाईट काहीच नाही.

आता प्रत्यक्ष जायचं. ह्लुह्लुवे-इम्फोलोझी डर्बनच्या उत्तरेला, गाडीने अडीच-तीन तासांवर. १८९५ मध्ये राखीव झालेलं जंगल, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, आणि आज जगात जे दक्षिणी पांढरे गेंडे आहेत ते सगळे इथल्या उरलेल्या मूठभर गेंड्यांचे वंशज. इथे वाइल्डलाइफ ॲक्ट नावाची संस्था व्हॉलंटियर घेते. रानकुत्रा म्हणजे आपला कोळसून नव्हे हं, हा वेगळा, अंगावर काळे-पिवळे-पांढरे रंग फासल्यासारखा, आणि प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यामुळे दोन्ही कुशींचे फोटो असले की कोण कोण हे ओळखता येतं. सगळ्या आफ्रिकेत मिळून साडेसहा हजारांच्या आसपास उरलेत.

दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो, कारण कुत्रे शिकार करतात पहाटे आणि संध्याकाळी. चार-पाच जण उघड्या गाडीच्या मागे. कळपातल्या एक-दोघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर असते, प्रत्येक कॉलरची फ्रिक्वेन्सी वेगळी. अँटेना डोक्यावर धरून सावकाश गोल फिरायचं, बीप सगळ्यात मोठी कुठल्या दिशेला येते ते बघायचं, मग रिसीव्हरचा गेन (सिग्नल पकडायची ताकद) कमी करायचा आणि परत फिरायचं. नवीन माणूस गेन कमी करायला विसरतो आणि मग सगळीकडून सारखीच बीप ऐकू येते, मी पहिले दोन दिवस हेच केलं. टेकडीवरून सिग्नल आपटून परत येतो आणि फसवतो, म्हणून शक्य तेवढं उंचावर जायचं आणि दोन वेगळ्या जागांवरून दिशा घ्यायची, त्या रेषा जिथे छेदतात तिथे कुत्रे. बीप एकदम भराभर यायला लागली तर त्याचा अर्थ कॉलर बराच वेळ हललेली नाही, म्हणजे कुत्रा मेलेला असू शकतो. तेव्हा गाडीत कोणी बोलत नाही. हरणांसाठी लावलेल्या तारेच्या फासात हे कुत्रे अडकतात, म्हणून रोज शोधायचं, फास लागलेला वेळेत दिसला तर व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) बोलावून वाचवता येतो.

दिसले की फोटोच्या आधी शीट भरा. वेळ, जीपीएस, किती आहेत, कोण नाहीये, पोट भरलेलं आहे की खपाटीला गेलंय. नाही दिसले तरी शीट भरायचीच. रात्री दमून आल्यावर ‘उद्या भरू’ असं म्हणू नका, उद्यापर्यंत सहा कुत्रे होते की सात हे आठवत नाही.

संस्था निवडताना एकच गोष्ट घट्ट धरा. वेबसाइटवर सिंहाच्या पिल्लाला मांडीवर घेतलेले, बाटलीने दूध पाजणारे व्हॉलंटियर दिसले की ती साइट बंद करा. पिंजऱ्यात वाढवलेल्या त्या पिल्लांचं पुढे जंगलात काहीही होत नाही, मोठे झाले की त्यातले कित्येक पैसे घेऊन शिकारीला दिले गेलेत. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २०२१ मध्ये हा पिंजऱ्यातल्या सिंहांचा धंदा बंद करायचं धोरण जाहीर केलं ते उगाच नाही. खऱ्या रिसर्चमध्ये तुम्ही प्राण्याला हात लावत नाही, व्हेटने बेशुद्ध केलेला असेल आणि त्याने सांगितलं तरच.

खर्च: व्हॉलंटियरने पैसे भरायचे असतात, राहणं-खाणं, गाडी, डिझेल, मॉनिटरिंग त्यातूनच चालतं. विमान धरून दोन आठवड्यांचा आकडा लाखांत जातो, हे मनाशी धरूनच चला, आणि भरलेले पैसे कशावर जातात हे संस्थेला बिनधास्त विचारा. व्हिसासाठी संस्थेचं पत्र घ्या आणि व्हॉलंटियर कामाला जातोय हे स्पष्ट सांगून कुठल्या प्रकारचा लागेल ते विचारा. जून-जुलै तिकडे हिवाळा, पहाटेच्या उघड्या गाडीत कानटोपी आणि हातमोजे लागतातच. गवतातून चाललात तर संध्याकाळी अंगावर गोचीड शोधा, त्यांच्या चावण्याने ताप येतो. मलेरियाच्या गोळ्यांचं जायच्या आधी डॉक्टरला विचारा. केनिया किंवा युगांडाचा प्रोजेक्ट घेतलात तर यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यायलाच हवी, नाहीतर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर क्वारंटाइनमध्ये बसवतात. स्वयंपाक आळीपाळीने करायचा असतो, शाकाहारी असाल तर आधी कळवा, मसाल्यांचं ओझं नेऊ नका, डर्बनमध्ये १८६० पासून भारतीय वस्ती आहे, तिथे सगळं मिळतं.

आणि गेंडा दिसला तर. २०२३ मध्ये ह्लुह्लुवे-इम्फोलोझी या एका पार्कमध्ये शिंगांसाठी ३०७ गेंडे चोरट्या शिकारीत मारले गेले, पुढच्या वर्षी उरलेल्यांची शिंगं कापायला घेतली, जीव वाचावा म्हणून. फोटोवरून गेंडा कुठे आहे हे शिकाऱ्यांना कळू शकतं, त्यामुळे फोनचं लोकेशन घरून निघतानाच बंद करा, गेंड्याचा फोटो तिथून टाकू नका, मागची टेकडी, पाणवठा, रस्त्याचा बोर्ड ओळखू येत असेल तर घरी आल्यावरही टाकू नका. माझ्याकडे एका मादीचे पिल्लासकट फोटो आहेत, घरच्यांना दाखवतो, फोन हातात ठेवूनच.