चाचपडणाऱ्या तरुण क्वार्टरबॅकला किती वेळ द्यावा, हे कसे ठरवावे

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेला तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, चाचपडू लागला की चाहत्यांमध्ये दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांकडे आपापला दाखला तयार असतो. एक गट पेटन मॅनिंगचे नाव घेतो. १९९८ साली कोल्ट्सकडून खेळताना पहिल्याच हंगामात त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, संघाने १६ पैकी १३ सामने गमावले आणि पुढच्याच वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले. दुसरा गट जामार्कस रसेलची आठवण करून देतो. २००७ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडल्या गेलेल्या या खेळाडूला रेडर्सने तीन हंगामांनंतर सोडून दिले आणि तो लीगमध्ये पुन्हा कधीही सामना खेळला नाही. दोन्ही दाखले खरे आहेत, परंतु दोन्हींचा शेवट आपल्याला ठाऊक असल्यामुळेच ते इतके सोपे वाटतात. आज मैदानावर असलेल्या मुलाचा शेवट कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून त्याच्याबद्दल मत बनवायचे असेल, तर जुन्या नावांच्या आधाराने सुतावरून स्वर्ग गाठण्याऐवजी जे डोळ्यांना दिसते ते नीट पाहण्याची पद्धत लावून घ्यावी लागते.

आधी त्याच्या आजूबाजूला पाहा

सामना पुन्हा पाहताना पहिल्या खेपेस चेंडूवरून नजर काढून क्वार्टरबॅकच्या समोर उभे राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांवर, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनवर ठेवा. स्नॅप झाल्यापासून, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिल्यापासून, मनात सेकंद मोजा. साधारण अडीच सेकंदांच्या आत बचावपटू क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचत असेल, तर त्या सॅकचा, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले जाण्याचा, दोष बहुधा त्याचा नसतो. मात्र चार सेकंद चेंडू हातात धरून तो उभा राहिला आणि मग पडला, तर तो सॅक त्याच्या खात्यावर लिहिला पाहिजे. दर सामन्यातल्या सॅकची अशी दोन खात्यांत विभागणी करण्यास अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासात निम्मे वाद मिटतात असा माझा अनुभव आहे.

या विभागणीला इतके महत्त्व का द्यायचे, हे डेव्हिड कारच्या उदाहरणावरून कळते. २००२ साली नव्याने लीगमध्ये आलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि त्याच हंगामात तो ७६ वेळा सॅक झाला, जो एका हंगामातील विक्रम आहे. ब्राइस यंगची स्थितीही फार वेगळी नव्हती. २०२३ मध्ये त्याला मिळवण्यासाठी पँथर्सने ड्राफ्टमधल्या निवडींसोबत डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हरही (पास झेलणारा खेळाडू) शिकागोला दिला, हंगाम संपण्याआधीच मुख्य प्रशिक्षकाला काढले, आणि यंग ६२ वेळा सॅक झाला. ज्याच्याकडे पास द्यायचा तो माणूस देऊन टाकायचा आणि मग पास पूर्ण होत नाहीत म्हणून मुलाला बोल लावायचा, हे मला न्यायाचे वाटत नाही.

प्रशिक्षक आणि आखणी यांचा वाटा मोजायचा असेल, तर जॅरेड गॉफच्या पहिल्या दोन वर्षांइतका स्वच्छ दाखला क्वचितच सापडेल. २०१६ मध्ये रॅम्सकडून त्याने सात सामन्यांची सुरुवात केली आणि सातही सामने संघ हरला. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गुण रॅम्सचे होते. पुढच्या वर्षी शॉन मॅक्व्हे मुख्य प्रशिक्षक झाले, ऑफेन्सिव्ह लाइनच्या डाव्या टोकाला, म्हणजे डाव्या टॅकलच्या जागी अनुभवी अँड्र्यू व्हिटवर्थ आला, रॉबर्ट वूड्ससारखा रिसीव्हर मिळाला, आणि तोच क्वार्टरबॅक असलेल्या संघाने लीगमध्ये सर्वाधिक गुण केले. गॉफ वर्षभरात शहाणा झाला हे खरे असेलच, पण एवढा फरक एकट्या माणसाच्या शहाणपणातून येत नाही.

मग चुकांची जात ओळखा

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण माझ्या मते संयमाचा खरा निकष इथेच आहे. इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) किती झाले यापेक्षा ते कोणत्या प्रकारचे होते आणि तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडतो आहे का, हे विचारा. एक वही करा आणि प्रत्येक वाईट पासपुढे एक कारण लिहा. बचावाची मांडणी वाचण्यात चूक झाली का, म्हणजे मधोमध दबा धरून बसलेला लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) त्याला दिसलाच नाही का? मांडणी बरोबर वाचली, पण पाय स्थिर न करता चेंडू फेकला का? की पास योग्य होता आणि रिसीव्हरच्या हाताला लागून चेंडू उडाला? तिसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करावे. दुसरा प्रकार सरावाने सुधारू शकतो, पण त्याला वेळ लागतो. पहिल्या प्रकारावर बारीक लक्ष ठेवावे, कारण नवख्या खेळाडूकडून ती चूक होणारच असते आणि ती कमी होते की नाही यावरच पुढचे बरेच काही अवलंबून असते.

सप्टेंबरमध्ये ज्या मांडणीने त्याला फसवले, तीच मांडणी नोव्हेंबरमध्ये समोर आली तेव्हा तो काय करतो, हे शोधून पाहा. त्याने चेंडू धरून ठेवला, दुसऱ्या रिसीव्हरकडे वळला किंवा सरळ मैदानाबाहेर फेकून दिला, तर शिकवलेले आत जात आहे असे समजावे, मग तो सामना संघ हरलेला का असेना. उलट दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसही तोच लाइनबॅकर त्याच जागी तोच पास झेलत असेल, तर ते पालथ्या घड्यावर पाणी आहे, आणि अधूनमधून जिंकलेल्या सामन्यांनी त्यावर पांघरूण घालू नये. दूरचित्रवाणीच्या नेहमीच्या चित्रणात लांब धावणारे रिसीव्हर चौकटीबाहेर जातात, त्यामुळे ही तपासणी बावीसही खेळाडू दिसतील अशा चित्रणावर करावी. लीगच्या सशुल्क सेवेत ते पाहता येते.

अचूकतेबाबत एक इशारा द्यायला हवा. जॉश ॲलनचे उदाहरण हल्ली प्रत्येक चुकार फेकीच्या समर्थनार्थ दिले जाते. बफेलोसाठी २०१८ मध्ये त्याचे ५२.८ टक्के पास पूर्ण झाले, २०१९ मध्ये ५८.८ आणि २०२० मध्ये ६९.२ टक्के. ही झेप खरी आहे, पण ती अपवादात्मक आहे म्हणूनच आपल्या लक्षात राहिली. तिच्यातून घ्यायचा धडा असा की सुधारणा स्टीफन डिग्ज हा रिसीव्हर २०२० मध्ये संघात येण्यापूर्वी, म्हणजे दुसऱ्याच वर्षी दिसू लागली होती. तुमच्या खेळाडूच्या दुसऱ्या वर्षात अशी काहीच हालचाल नसेल, तर ॲलनचे नाव घेऊ नये. लांबचे पास हुकले तर मी फारसा घाबरत नाही. आठ-दहा यार्डांवर मोकळा उभा असलेला माणूस वारंवार हुकत असेल, तर मात्र काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

आकडे जपून वापरा

पासर रेटिंग, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पासांवरून काढलेला गुणांक, हा सर्वांच्या तोंडी असलेला आकडा आहे, पण त्यात सॅक धरले जात नाहीत, क्वार्टरबॅकने धावून मिळवलेले यार्ड धरले जात नाहीत आणि हातातून निसटलेला चेंडूही धरला जात नाही. पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी दोन-दोन यार्डांच्या पासांनी फुगवता येते, त्यामुळे तिच्या शेजारी प्रत्येक पासमागे मिळालेले यार्ड ठेवून पाहावेत. वीस गुणांनी मागे पडल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत, बचाव सैल झालेला असताना मिळवलेले यार्ड बाजूला काढावेत. एका सामन्यावरून काहीही ठरवू नये. चार-पाच सामन्यांचा गट घ्यावा आणि तो आधीच्या गटाशी ताडून पाहावा.

बाकावर बसवण्याला शिक्षा समजू नका

ॲरन रॉजर्सने ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्व्हच्या मागे तीन वर्षे काढली. पॅट्रिक महोम्सने २०१७ चा जवळजवळ सगळा हंगाम ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून पाहिला आणि पुढच्या वर्षी ५० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. यंगला २०२४ मध्ये दोनच सामन्यांनंतर बसवले, तेव्हा त्याचे पँथर्समधले दिवस संपले असे अनेकांनी गृहीत धरले. त्याच्या जागी खेळणाऱ्या अँडी डाल्टनच्या अंगठ्याला मोटार अपघातात दुखापत झाल्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस यंग परत आला आणि निर्णय घेण्यात स्पष्टपणे जलद झालेला दिसला. शेवटच्या सामन्यात त्याने फाल्कन्सवर जादा वेळेत ४४-३८ असा विजय मिळवून दिला. बसवल्यामुळेच तो सुधारला असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही, परंतु बसवल्यामुळे तो संपला नाही एवढे निश्चित.

संयमाला तारीख घाला

तारीख नसलेला संयम म्हणजे केवळ निर्णय टाळणे होय, आणि ही तारीख लीगच्या नियमांनीच आखून दिलेली आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवे वर्ष घ्यायचे की नाही, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतर, मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावे लागते. याच स्वस्त कराराच्या वर्षांत संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या वेतनमर्यादेतील उरलेला पैसा लाइनवर आणि बचावावर खर्च करता येतो. म्हणून चुकीच्या माणसासाठी घालवलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत सगळा संघ मोजतो. पहिले वर्ष परिस्थितीला माफ करावे, दुसऱ्या वर्षी चुका बदलल्या का ते पाहावे आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठाम मत द्यावे, असा हिशेब मी ठेवतो.

घाई नेहमीच चुकते असेही नाही. ॲरिझोनाने २०१८ मध्ये जॉश रोझनला दहाव्या क्रमांकावर निवडले, एका वर्षात प्रशिक्षक बदलला, हाती आलेल्या पहिल्या निवडीवर काइलर मरी घेतला आणि रोझनला मायामीला पाठवले. रोझनवर अन्याय झाला असे मला आजही वाटते, तरीही संघाचा निर्णय चुकला असे म्हणता येत नाही, कारण मरीने त्याच वर्षी आक्रमणातील सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. तसेच, ड्राफ्टमध्ये दिलेली किंमत संयमाचे कारण होऊ शकत नाही. ट्रे लान्ससाठी फोर्टीनाइनर्सने पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या होत्या. २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी त्याच्यापेक्षा सरस ठरल्यावर त्यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये लान्सला चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात जाऊ दिले.

वादात दोन प्रश्न वेगळे ठेवा

‘हा खेळाडू चांगला होईल का?’ आणि ‘तो इथे चांगला होईल का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बहुतेक भांडणे ते एकत्र केल्यामुळे होतात. सॅम डार्नल्डला जेट्सने २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि तीन वर्षांनी कॅरोलायनाला देऊन टाकले. २०२४ मध्ये मिनेसोटाकडून त्याने ३५ टचडाउन पास दिले आणि संघाने १४ सामने जिंकले. जेट्सच्या चाहत्यांपैकी ज्यांनी त्याच्या गुणवत्तेवर विश्वास ठेवला ते बरोबर होते, आणि त्या संघात ते गुण फुलणार नाहीत असे म्हणणारेही बरोबर असू शकतात.

त्यामुळे बोलण्यापूर्वी आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत ते सांगावे, आणि पुढच्या सहा सामन्यांत काय दिसले तर आपले मत बदलेल हेही तारखेसह वहीत लिहून ठेवावे. सहावा सामना संपल्यावर धावफलक पाहण्याआधी ते पान उघडावे.