पोर्तुगालमध्ये निवृत्तीनंतर राहायचंय? आधी कान तयार करा

पोर्तुगालला निघालेल्या निवृत्तांना हमखास मिळणारा आणि सगळ्यात घातक सल्ला म्हणजे, "तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं." लिस्बनच्या हॉटेलात येतं. आरोग्य केंद्राच्या खिडकीवर किंवा फोनवर येईलच असं नाही, आणि या वयात आपलं काम पडतं ते तिथेच.

व्हिसा, कर क्रमांक, घर हे उरकलं आहे असं धरते. डी-७ व्हिसाला, म्हणजे पेन्शनसारख्या नियमित उत्पन्नावर मिळणाऱ्या व्हिसाला, भाषेची परीक्षा नसते, म्हणून लोक भाषा पुढे ढकलतात आणि पाच वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी ए-२ पातळीचा, म्हणजे रोजच्या साध्या व्यवहारापुरतं पोर्तुगीज येत असल्याचा, दाखला मागितला की धावपळ करतात. सरकारी मोफत वर्ग ए-२पर्यंत नेतात. पोहोचताच नाव घाला.

शब्दांची धास्ती नको. पाव, बटाटा, चावी, काजू, अननस, नाताळ, घमेलं हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधूनच आले. बाजारहाट महिन्याभरात जमतो.

खरं अडतं ते ऐकण्यात. पोर्तुगालची माणसं जोर नसलेले स्वर गिळून टाकतात आणि शब्दाच्या शेवटचा 'स' बहुतेकदा 'श' होतो. कागदावर 'एक्सेलेंते' दिसणारा शब्द कानावर 'श्सलेंत' असा येतो. बरीच ॲप ब्राझीलमधल्या पोर्तुगीजचे उच्चार शिकवतात. तिथे स्वर मोकळे असतात. मी सहा महिने तेच गिरवलं. पोहोचल्यावर माझं बोलणं लोकांना कळायचं, त्यांचं उत्तर मला कळत नव्हतं. कृपा करून ही चूक करू नका. पहिल्या दिवसापासून पोर्तुगालचाच आवाज ऐका.

त्यासाठी मी सगळ्यांना एकच व्यायाम देते. तिथल्या सरकारी रेडिओची, म्हणजे अंतेना १ची, किंवा दुसरी कुठलीही, पण जिचा मजकूर सोबत मिळतो अशीच बातमी घ्या. अर्ध्या मिनिटाचा तुकडा तीनदा ऐका आणि ऐकू आलं ते देवनागरीत लिहा. रोमन लिपीत अजिबात नको, कारण एकदा स्पेलिंग दिसलं की डोळा कानाला ऐकू देत नाही. देवनागरीत 'श', 'झ' आणि नाकातले स्वर बऱ्यापैकी उतरतात. मग मूळ मजकुराशी ताडून बघा. रोज २० मिनिटं. पहिले तीन आठवडे काहीच हाती लागत नाही असं वाटेल, तरी सोडू नका.

मग फोन. समोरच्याचे ओठ, हातवारे काही दिसत नाहीत, म्हणून हा टप्पा सगळ्यात कठीण. नवऱ्याच्या तपासणीची वेळ कळवायला फोन आला, मी 'किंता' ऐकलं. किंता म्हणजे पाचवा. सोमवारपासून मोजून मी शुक्रवार धरला. पण पोर्तुगीज मोजणी रविवारपासून चालते: सोमवार 'सगुंदा', म्हणजे दुसरा, आणि किंता म्हणजे गुरुवार. आम्ही शुक्रवारी पोहोचलो तेव्हा वेळ आदल्या दिवशीच होऊन गेली होती. पुढची वेळ मिळेपर्यंत कित्येक आठवडे माझ्या जिवाला घोर होता. तेव्हापासून नुसत्या वारावर मी विसंबत नाही. तारीख विचारते आणि आकडा मोठ्याने परत म्हणून दाखवते. "पॉद फलार माय्झ दवगार?" म्हणजे जरा सावकाश बोलाल का, हे वाक्य फोनशेजारी चिकटवून ठेवा.

डॉक्टरकडे इंग्रजीवरून अंदाज बांधू नका. 'कोंश्तिपादू' हा शब्द इंग्रजी 'कॉन्स्टिपेटेड'सारखा वाटतो, पण त्याचा अर्थ सर्दी झालेला. बद्धकोष्ठाला 'प्रिझाउं द व्हेंत्र' म्हणतात. घ्यायची असतात पोटाची औषधं आणि घरी येतात सर्दीची.

अनोळखी माणसाला ब्राझीलसारखं 'व्होसे' म्हणू नका, पोर्तुगालमध्ये अनेकांना ते खटकतं. 'उ सन्योर', 'अ सन्योरा' म्हणा. आपल्याकडे 'आपण' म्हणतो तसंच.

आणि जोडप्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: भाषा दोघांनीही शिका. बहुतेक घरांत एकजण शिकतो, दुसरा त्याच्या भरवशावर राहतो. शिकलेलाच आजारी पडला तर ११२ला फोन लावून पत्ता सांगायला कुणी उरत नाही. म्हणून घरचा फोन आळीपाळीने उचला, आणि आपला पत्ता दोघांनाही न बघता पोर्तुगीजमध्ये सांगता येईपर्यंत घोका.