बॅटरीच्या तब्येतीचं पेटंट: या चुका टाळा

"बॅटरीची तब्येत ठरवण्याची पद्धत, जिच्यात बॅटरीची तब्येत ठरवली जाते." थोडं मीठमसाला लावून सांगतोय, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या कच्च्या क्लेमांपैकी, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणाऱ्या वाक्यांपैकी, निम्म्यांचा गोषवारा एवढाच निघतो. मधे कुठेतरी 'प्रोसेसर' असतो, 'मॉडेल' असतं आणि हल्ली हमखास 'एआय'. मग पेटंट ऑफिसातल्या एक्झामिनरचा रिपोर्ट येतो आणि इंजिनीअरचा फोन येतो: "अहो, आमची पद्धत चालते. दोन टक्क्यांच्या फरकात उत्तर देते. ह्यांना अडचण काय आहे?" अडचण पद्धतीत क्वचितच असते, कागदात असते.

मी पेटंटचे ड्राफ्ट लिहितो आणि आक्षेपांना उत्तरं देतो. त्याआधी काही वर्षं सेल चार्ज-डिस्चार्ज करत टेस्टिंग बेंचपाशी बसून काढली आहेत. त्यामुळे दोन्हीकडचा वैताग माझ्याकडे शिलकीत आहे. खालच्या क्रमाला काही अर्थ नाही. जी चूक मला जास्त छळते तिला जास्त जागा मिळाली आहे.

एसओएच म्हणजे काय ते न लिहिणं

'स्टेट ऑफ हेल्थ' (एसओएच, म्हणजे बॅटरीची तब्येत) म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, असं प्रत्येकाला वाटतं. पण तब्येत ही मोजायची गोष्टच नाही. व्होल्टेज मोजता येतं, करंट मोजता येतो, तापमान मोजता येतं. तब्येत काढावी लागते, आणि ती काढायच्या निदान दोन रीती रुळलेल्या आहेत. एक, आजची क्षमता भागिले नवी असतानाची क्षमता. गाडीच्या बॅटरीत हा आकडा ८० टक्क्यांवर आला की तिचं गाडीतलं आयुष्य संपलं असं धरायची पद्धत आहे. दुसरी, अंतर्गत रोध नव्याच्या मानाने किती वाढला ते. हे दोन आकडे हातात हात घालून चालतातच असं नाही. ॲनोडवर साचत जाणारा पातळ थर, एसईआय, वाढत गेला की कामाचं लिथियम कमी होतं आणि रोधही वाढतो, पण दोन्ही एकाच मापाने होत नाही. एखादा सेल क्षमतेने धडधाकट आणि रोधाने म्हातारा निघतो.

काही वर्षांपूर्वी एक फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिचा पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे आपला एफईआर, येऊन पडला होता. ड्राफ्ट दुसऱ्या कुणाचा होता. क्लेममध्ये शब्द होता 'ऱ्हास निर्देशांक'. स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे अर्जातल्या तपशीलवार वर्णनाच्या, चौथ्या पानावर लिहिलं होतं की हा निर्देशांक म्हणजे उरलेल्या क्षमतेचं मूळ क्षमतेशी गुणोत्तर. ठीक. अकराव्या पानावर प्रयोगाचा तक्ता, त्याच्या स्तंभाला तेच नाव, आणि खाली आकडे: १.००, १.१८, १.३७. मी चहाचा कप खाली ठेवला. सेल जुना होतोय आणि क्षमता वाढतेय? तो अर्थातच रोधाचा तक्ता होता. दोन इंजिनीअरांनी दोन विभाग लिहिले, दोघांनी एकच शब्द वापरला, आणि ड्राफ्ट करणाऱ्याने दोन्ही एका दोऱ्यात ओवून टाकले.

तुमचं आधीच माहीत आहे, हे दाखवायला एक्झामिनरने समोर ठेवला होता लेड-ॲसिड बॅटरीचा एक जुना दस्तऐवज: करंटचा छोटा झटका द्या, व्होल्टेज किती खचतं ते पाहा, त्यावरून रोध काढा, फार वाढला असेल तर दिवा लावा. संशोधक संतापला. "लेड-ॲसिडचा आमच्याशी संबंध काय!" संबंध असा, की क्लेममध्ये नुसतं 'बॅटरी' लिहिलं होतं. आता आम्ही काय म्हणणार? निर्देशांक क्षमतेचा आहे म्हटलं, तर अख्ख्या अर्जातला एकमेव प्रयोग आमच्या बाजूने उभा राहत नाही. रोधाचा म्हटलं, तर तो लेड-ॲसिडवाला दारातच उभा आहे. दोन्हींचं मिश्रण म्हटलं, तर तसं मूळ कागदात कुठेच नाही, आणि दाखल केल्यानंतर नवा मजकूर आत घालता येत नाही. युरोपात कलम १२३(२) आडवं येतं, भारतात कलम ५९. दोन संध्याकाळी मी त्या तक्त्याकडे नुसता बघत बसलो होतो.

शेवटी फाइल वाचली ती नवव्या पानावरच्या एका ओळीने, जी लिहिणाऱ्यालाही आठवत नव्हती: चार्जिंग थांबवल्यावर व्होल्टेज खाली बसताना ते दोन वेगवेगळ्या क्षणांना नोंदवायचं आणि त्या दोन नोंदींच्या फरकावरून पुढचा हिशोब करायचा. हे जुन्या दस्तऐवजात नव्हतं. त्यावर क्लेम उभा केला, पेटंट मिळालं. पण शेत मागायला गेले होते आणि हातात आला एक वाफा.

तेव्हापासूनची माझी सवय: ड्राफ्टची पहिली ओळ लिहिण्याआधी संशोधकासमोर कोरा कागद ठेवतो. चिन्ह काय, एकक काय, कशाला कशाने भागलं, किती तापमानाला, किती सी-रेटला (क्षमतेच्या मानाने किती करंटला), किती वेळ विश्रांती दिल्यावर. आणि शेवटी एक बाण: वय वाढलं की हा आकडा वर जातो की खाली? लोक हसतात. हसू देत.

आकडा काढला आणि हात झटकले

अमेरिकेतले दोन जुने निकाल मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. १९७८चा पार्कर विरुद्ध फ्लुक: रासायनिक प्रक्रियेतली धोक्याची मर्यादा एका सूत्राने सतत नव्याने काढायची. सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. १९८१चा डायमंड विरुद्ध डीअर: रबर साच्यात घालायचं, साच्याचं तापमान सतत मोजायचं, त्यावरून रबर पक्कं व्हायला किती वेळ लागेल ते काढायचं आणि वेळ भरली की प्रेस आपोआप उघडायची. हे न्यायालयाने पेटंटयोग्य विषय म्हणून मान्य केलं. गंमत अशी की डीअरमधलं सूत्र अऱ्हेनियसचं होतं, तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग कसा बदलतो ते सांगणारं, तेच जे आपण बॅटरी नुसती पडून कशी म्हातारी होते ते काढायला वापरतो. सूत्र जुनंच, पण तिथे प्रेस उघडली. फ्लुकमध्ये नवा आकडा आला आणि गोष्ट तिथेच संपली.

एसओएचचे बरेच क्लेम फ्लुकच्या वाटेने जातात. भारतात कलम ३(के) गणिती पद्धत आणि अल्गोरिदम यांना बाहेर ठेवतं, आणि एक्झामिनर पहिलं बोट तिथेच ठेवतो. त्यावर नवशिक्यांचा ठरलेला शॉर्टकट म्हणजे शेवटी 'आणि निकाल स्क्रीनवर दाखवणे' चिकटवणं. माहिती गोळा करा, तिचं विश्लेषण करा, दाखवा, एवढ्यावर भागत नाही हे अमेरिकेत २०१६च्या इलेक्ट्रिक पॉवर ग्रुप निकालात स्वच्छ सांगितलं गेलं, आणि तो तर वीजजाळ्याचाच मामला होता.

थोडा शहाणा शॉर्टकट म्हणजे 'त्यानुसार चार्जिंग नियंत्रित करणे'. हा चालू शकतो, पण मग स्पेसिफिकेशनमध्ये ते नियंत्रण दिसलं पाहिजे: एसओएच अमुकच्या खाली गेला की चार्जिंगचा करंट किती कमी केला, वरची व्होल्टेज मर्यादा किती खाली आणली. नाहीतर ती शेपूट लावलेली दिसते. शिवाय या शेपटीची किंमतही आहे. हिशोब कुणाच्या सर्व्हरवर होतो आणि करंट दुसऱ्याच कुणाच्या चार्जरमध्ये कमी होतो. मग सगळ्या पायऱ्या एकट्या कुणीच केलेल्या नसतात, आणि उल्लंघन कुणी केलं ते दाखवताना घाम फुटतो. म्हणून मी मोजमापाचा एक क्लेम आणि नियंत्रणाचा दुसरा, असे दोन वेगळे ठेवतो.

युरोपात वाट थोडी बरी आहे. जी १/१९ हा युरोपियन पेटंट ऑफिसच्या मोठ्या अपील बोर्डाचा मार्च २०२१चा निर्णय सिम्युलेशनबद्दल आहे, पण त्यात अप्रत्यक्ष मोजमापाची बाजू नीट मांडली आहे: प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या वस्तूची भौतिक स्थिती मोजमापांवरून काढत असाल, तर ते सहसा तांत्रिकच धरलं जातं. बॅटरीची तब्येत म्हणजे ह्याचंच उदाहरण. पण त्यासाठी क्लेममध्ये खरी बॅटरी आणि खरं मोजमाप हवं. 'व्होल्टेज डेटा प्राप्त करणे' लिहिणारे मला कळत नाहीत. कुठून प्राप्त? फाइलीतून? 'सेलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजणे' लिहा. तीन शब्द बदलायचे आहेत, आणि अर्ध्या वेळा आक्षेपाचा सूर त्या तीन शब्दांनीच ठरतो.

"न्यूरल नेटवर्कला शिकवलं आहे ना!"

कशावर शिकवलं? इथे बहुतेक फोन शांत होतात. युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील बोर्डाचा टी १६१/१८ हा निर्णय वाचा. विषय बॅटरीचा नाही, रक्तदाबाच्या आलेखावरून हृदय किती रक्त पंप करतं ते न्यूरल नेटवर्कने काढण्याचा आहे. अर्जात म्हटलं होतं की प्रशिक्षणाचा डेटा वेगवेगळ्या वयांच्या, प्रकृतींच्या लोकांचा असावा. पण नेमका कुठला डेटा चालेल ते एकदाही सांगितलं नव्हतं. बोर्ड म्हणालं, यावरून जाणकाराला ते करून बघता येत नाही. अर्ज गेला. बॅटरीवाल्यांनी 'लोक' खोडून 'सेल' लिहावं आणि आपला ड्राफ्ट परत वाचावा.

मी एवढं मागतोच: सेलची केमिस्ट्री, सेल किती, तापमानं कोणती, चार्ज-डिस्चार्ज कसे केले, आणि खरी क्षमता कोणत्या चाचणीने मोजली. नेटवर्कला 'बरोबर उत्तर' म्हणून जे दाखवलं ते कुठून आलं, हा शेवटचा मुद्दा हटकून राहतो. नासाचा १८६५० या छोट्या दंडगोल सेलचा खुला डेटा घेऊन शिकवायचं आणि क्लेम मात्र 'कोणतीही रिचार्जेबल बॅटरी' असा मांडायचा, ह्यात मला नुसता उतावळेपणा दिसतो. एनएमसीवर (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) व्होल्टेजच्या उतारावरून सुरेख चालणारी पद्धत एलएफपीवर (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) नेली की तोंडघशी पडते, कारण एलएफपीचा ओपन-सर्किट (काही जोडलेलं नसतानाच्या) व्होल्टेजचा आलेख मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. उतारच नाही, तर वाचणार काय?

बाकीच्या, भराभर

फक्त 'एसओएच' टाकून सर्च करणं. जुन्या दस्तऐवजांत ऱ्हास, क्षय, उरलेलं आयुष्य असे शब्द असतात, त्यामुळे पेटंटांच्या विषयवार वर्गांकाने शोधा: जी०१आर ३१/३९२ वय आणि ऱ्हासासाठी, ३१/३६७ मॉडेल आणि सॉफ्टवेअरसाठी, ३१/३८९ अंतर्गत इम्पीडन्ससाठी. गाडीची बाजू असेल तर बी६०एल ५८/१६ पण.

फक्त पेटंटंच शोधणं. कालमन फिल्टर (गोंगाटातल्या मोजमापांवरून खरी स्थिती काढायची गणिती रीत) लावला की आपण पहिले, असं वाटणाऱ्यांनी ग्रेगरी प्लेट यांचे २००४चे तीन भागांतले पेपर आधी उघडावेत. पहिल्या शंभर सायकलींवरून आयुष्य वर्तवण्याचा दावा असेल तर २०१९चा नेचर एनर्जीमधला १२४ एलएफपी सेलवरचा पेपर एक्झामिनरला सापडणारच. तुम्हाला आधी सापडलेला बरा.

अर्जाआधी परिषदेत स्लाइड दाखवणं. युरोपात स्वतःच केलेलं प्रकाशन स्वतःवरच उलटतं. "फक्त पाचच लोक होते" हे उत्तर नाही.

जुन्या क्षमतेवर काढलेला एसओसी (बॅटरी किती भरली आहे तो आकडा) वापरून नवी क्षमता काढणं. कुत्रं शेपटीमागे फिरतं, तसं. वर्तुळ कुठे तोडलं ते स्पेसिफिकेशनमध्ये लिहा.

'अचूकता वाढते' असं लिहून सोडणं. कशाच्या तुलनेत, ते लिहा.

पद्धत कुठे चालत नाही ते लपवणं. क्षमता-व्होल्टेजच्या डेरिव्हेटिव्हच्या (बदलाच्या दराच्या) आलेखातले उंचवटे मोठ्या करंटला पुसट होतात, हे एक्झामिनरला माहीत असतं. तुम्ही किती करंटपर्यंत ते वाचू शकता, हे सांगितलंत तर तीच मर्यादा उद्या क्लेमला आधार देते. मी ही मर्यादा जवळजवळ भीक मागून काढून घेतो.

रिपोर्ट आला त्याच रात्री रागाने उत्तर लिहिणं. भारतात एफईआरला सहा महिने मिळतात. मी पहिला आठवडा त्याला हातच लावत नाही.

त्या 'ऱ्हास निर्देशांक'वाल्यांचं काम अजून येतं माझ्याकडे. परवा त्यांचा कोरा कागद भरून आला: चिन्ह, एकक, तापमान, सगळं होतं. बाणही होता. नीट पाहिलं तर दोन होते, एक वर, एक खाली, दोन वेगळ्या शाईंत. फोन लावला.