कमांड पाठ होत्या, तरी डिझाइनच्या परीक्षेत आपटलो

ओएसपीएफ (राउटरना मार्ग शोधून देणारा प्रोटोकॉल) मी झोपेतही कॉन्फिगर केलं असतं. त्याच भरवशावर नेटवर्क डिझाइनची परीक्षा दिली आणि नापास झालो. तिथे कमांड कोणी विचारतच नाही. चार पर्याय असतात, चारही चालण्यासारखे. या ग्राहकाला कुठला बसतो ते सांगायचं. 'वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं आहेत' हे अर्धं वाक्य मी घाईत ओलांडलं आणि मुख्यतः सिस्को या कंपनीच्याच उपकरणांवर चालणारा ईआयजीआरपी प्रोटोकॉल निवडून मोकळा झालो.

आधी कुठली परीक्षा द्यायची ते बघा. सिस्कोचं सीसीडीए हे डिझाइनचं प्रमाणपत्र २०२० मध्येच बंद झालं, त्याच्या जुन्या नोट्स अजून फिरत असतात. आता सीसीएनपी एंटरप्रायझ या प्रमाणपत्रासाठी ३५०-४०१ ही कोअर परीक्षा आणि जोडीला डिझाइनची ३००-४२० देता येते. सीसीडीई या सगळ्यात वरच्या डिझाइन प्रमाणपत्राचं आठ तासांचं प्रॅक्टिकल सुरुवातीला डोक्यातच आणू नका.

दुसऱ्या खेपेला मी लॅब बंद केली आणि कागद घेतला. एका शाखेला १०.१.०.० ते १०.१.३.० अशी चार /२४ नेटवर्क (प्रत्येकी २५६ पत्त्यांची) दिली, की बाहेर १०.१.०.०/२२ हा चौघांचा मिळून एकच रूट (मार्ग) सांगून भागतं. पाचवं जोडलं की ते या /२२ मध्ये मावत नाही. मग दुसरा रूट सांगा, नाहीतर दुप्पट मोठं /२१ घ्या. म्हणजे शाखा वाढणार का, हे पत्ते वाटण्याआधीच विचारायला हवं. हे वाचून कळलं होतं, पण हाताने आखल्यावर डोक्यात बसलं.

तसंच एसटीपी (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) आणि एचएसआरपीचं (एक गेटवे बंद पडला तर दुसरा पुढे करणारा). रूट ब्रिज (एसटीपीचा मुख्य स्विच) एका डिस्ट्रिब्युशन स्विचवर (खालचे स्विच जोडणाऱ्या मधल्या थरातल्या) आणि ॲक्टिव्ह गेटवे (बाहेर जायचं चालू दार) दुसऱ्यावर ठेवला, तर पॅकेट आधी रूट ब्रिजकडे जातं आणि मग मधल्या लिंकवरून गेटवेकडे. नेटवर्क चालतं, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. हा वळसा पेन्सिलीने काढून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

डम्प्सच्या (परीक्षेतून फोडलेल्या प्रश्नोत्तरांच्या) वाटेला जाऊ नका. नियमात बसत नाही हे तर आहेच, शिवाय प्रश्नातली एक अट बदलली की पाठ केलेलं उत्तर चुकतं.

परीक्षेत पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी मी प्रश्न वाचताना अटी तेवढ्या पाटीवर उतरवत गेलो: बजेट, वाढ, किती वेळ बंद चालेल. पर्याय त्यानंतर वाचायचे. वेळ थोडा जास्त गेला, पण या वेळी पास झालो.